जेवण झालंय आमचं

माझ्या थोरल्या बहिणीकडं कोंबड्या नाहीत. होत्या, पण एकेक करून विकल्या. शेवटची एक लंगडी उरली होती, तीही दाजींच्या औषधपाण्यात गेली. तरी आठवड्यातनं एकदोनदा तिची पोरगी वाटी घेऊन आमच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "मामी, आईनं सांगितलंय, कोंबड्यांना घालायला थोडा तांदूळ असला तर दे."

आमची मंडळी काही विचारायची नाही. वाटी घ्यायची, आत जायची, काठोकाठ भरून आणायची. वर म्हणायची, "तुमच्या कोंबड्या फार खातात गं बाई."

"हो ना मामी. नुसत्या खातात, अंडं द्यायचं नाव नाही."

आणि दोघी हसायच्या. मी पायरीवर बसलेला असायचो, मीही हसायचो. दुसरं काय करणार? हसलं की वाटी घरी जाते. विचारलं की रिकामी परत जाते. ताईला मी ओळखतो.

या पोरीला सगळे तुडतुडी म्हणतात. पिकावर तो बारका किडा असतो बघा, हात लावायच्या आत टुणकन उडतो, तशी ती. एका जागी बसेल तर शपथ. तोंडही तसंच, सारखं चालू. आणि तिचा बाप, म्हणजे आमचे दाजी, एकाच जागी बसून असतात. खडीच्या खाणीत आयुष्य काढलं माणसानं, छातीत इतकी धूळ भरलीय की दहा पावलं चालले की भिंत धरतात. पण जीभ शाबूत आहे. "मी आता बसून खाणारा मोठा माणूस झालो," असं म्हणतात, आणि मग खोकतात.

मी गावचा जीपवाला. सकाळी माणसं शहराच्या स्टँडवर नेतो, संध्याकाळी आणतो. शाळेत मास्तरनं मला मागच्या बाकावर बसवलं आणि तिथनंच मी बाहेर निघालो, त्यामुळं लिहिण्याबिहिण्याचं मला विचारू नका. पण कोण कधी चढलं, कोण उतरलं आणि कोण परत आलंच नाही, हे माझ्याइतकं गावात कुणाला माहीत नाही. परत न येणाऱ्या पोरीच जास्त. कुणी बंगल्यावर कामाला, कुणी कारखान्यात. सुरुवातीला सुटीला येतात, मग निरोप येतात, मग निरोपही कमी होतात.

आमच्याकडं टोमॅटो होतो. झक्कास होतो, हीच तर पंचाईत. सगळ्यांचा एकाच वेळी होतो. तेवढे दिवस गाव लालेलाल, व्यापाऱ्याचा ट्रक येतो, व्यापारी उतरतसुद्धा नाही, खिडकीतनंच भाव सांगतो. तो ऐकला की तोडायची मजुरी निघत नाही. मग माल बांधावर ओततात. जनावरंही दोन दिवस खातात आणि मग तोंड फिरवतात. आणि नंतर, पुढचं पीक हाताशी येईपर्यंत, घराघरांत चुली उशिरा पेटतात आणि लवकर विझतात. कोणी कुणाला विचारत नाही. धूर बघून समजायचं.

तर अशात बातमी आली की एक मोठी संस्था आमच्या भागात पैसा घालणार. चार पिशव्या वाटून फोटो काढून जाणारी नव्हे. त्यांचं म्हणणं, एकाच गावात घालायचा, पण नीट घालायचा, आणि ते गाव पायावर उभं राहीपर्यंत तिथंच राहायचं. शेड बांधायची. तिथं टोमॅटो, कांदा, पालेभाजी, सगळं चिरून वाळवायचं, पाकिटात भरायचं आणि वर्षभर विकायचं. माल गावचा, काम गावच्या बायकांना, बारमाही. गावं दोन बघून ठेवली होती. एक आमचं आणि एक ओढ्यापलीकडचं. दोन्हीपैकी एक.

ताईला हे मीच सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. तिनं हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"बारमाही म्हणजे? मधेच बंद नाही पडणार?"

"बारमाही म्हणजे बारमाही."

"पोरींना घेतात?"

"घेतात की. तुडतुडीसारखीला तर आधी घेतील. चिरायला हात चपळ पाहिजे."

तिनं परत लाकूड उचललं आणि चुलीत सारलं. ती हे कशाला विचारत होती ते मला माहीत होतं. शहरातल्या एका बाईनं तुडतुडीला मागितलं होतं. लग्नासाठी नव्हे हो, कामासाठी. त्यांच्याच घरी राहायचं, स्वयंपाक, धुणी, म्हातारीचं सगळं. बाई दर आठवड्याला माझ्या जीपबरोबर निरोप धाडायची आणि ताई दर आठवड्याला काहीतरी कारण सांगायची. कधी पोरीला ताप, कधी पाहुणे.

"मग त्या बाईला सांग," ताई म्हणाली, "अजून थोडं थांबा म्हणावं. शेडचं कळू दे. शेड आली तर पोरगी कुठं जायची नाही. सकाळी जाईल, दिवे लागायच्या आत घरी. माझ्या डोळ्यांपुढं."

"आणि नाही आली तर?" तुडतुडी मधेच बोलली.

"तू पाणी आण जा," ताई म्हणाली.

मग एक दिवस संस्थेची सर्वेवाली बाई आली. स्टँडवरनं माझ्याच जीपमधनं. तरुण होती, पायात मळलेले बूट, हातात मोबाइलची थोरली बहीण असते तसली काचेची पाटी. पुढच्या सीटवर बसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, दिवसभर माझ्याबरोबर फिराल का? घरं दाखवायला कुणीतरी हवंय."

"फिरतो की. पण मला बघून गावाचा अंदाज करू नका," म्हटलं. माझं पोट स्टिअरिंगला लागतं. गाव मला ढोल्या म्हणतं. "हे पोट नुसतं बसून बसून आलंय, खाऊन नव्हे."

ती हसली. चांगली होती बिचारी. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिलाच शिव्या घालाल.

घरोघरी गेलो. प्रत्येक घरात तिची रीत तीच. चप्पल बाहेर काढायची, घरातल्या मोठ्या बाईसमोर खाली बसायचं, आणि बोलायला सुरुवात करायला म्हणून विचारायचं, "काय मावशी, जेवण झालं का?"

आता मला सांगा, दारात पाहुणा आलाय आणि विचारतोय जेवण झालं का. आपण काय म्हणतो? झालं म्हणतो. पोटात काही नसलं तरी झालं म्हणतो. नाही म्हटलं तर पाहुण्याला वाटायचं आपण अवेळी आलो, किंवा वाटायचं हा आपल्याकडं मागतोय. हे कुणी शिकवत नाही. तोंडच तसं वळलेलं असतं.

"झालं की! आत्ताच झालं. तुम्ही बसा, चहा टाकते."

आणि एकदा 'झालं' म्हटलं की पुढचं सगळं त्याच वाटेनं जातं. "गेल्या महिन्यात घरातलं धान्य संपलं, असं कधी झालं?" छे छे. "मोठ्या माणसांनी पोरांसाठी स्वतःचं जेवण सोडलं, असं?" नाही बाई, तसलं काही नाही. "दिवसभर कुणी काहीच खाल्लं नाही, असं?" इथं तर बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. काय विचारते ही! ज्या घरात सकाळी धूर दिसला नव्हता, त्या घरातली म्हातारी सांगत होती, "आमच्याकडं उरतं. उरलेलं कुत्र्याला घालतो." कुत्रं दाराशीच होतं. त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या.

मी दारात उभा राहून नुसता पाय बदलत होतो. एका घराबाहेर मी हळूच म्हटलंही, "बाई, हे जरा वाढवून सांगतात."

"दादा, मला घरातल्या बाईनं स्वतः सांगितलेलंच घ्यायचं असतं. बाहेरच्यानं सांगितलेलं नाही घेता येत," ती म्हणाली. बरोबरच होतं. उद्या बाहेरचा काहीही सांगेल.

मग ताईचं घर. आम्ही लांबनं दिसलो तेव्हाच ताईनं तुडतुडीला मागच्या दारानं पिटाळलेलं मी बघितलं. बाई बसली. "काय मावशी, जेवण झालं का?"

"झालं की," ताई म्हणाली. "तुमचं राहिलं असेल उन्हात फिरून. बसा, असंच नाही जायचं."

दाजी भिंतीला टेकून होते. "बसा हो मॅडम. आमच्या घरात पाहुणा उपाशी गेला तर छप्पर खाली येईल. आधीच ते कारण शोधतंय."

तेवढ्यात तुडतुडी आली. ओच्यात अंडं होतं, शेजारणीकडनं आणलेलं. ताईनं ते तव्यावर टाकलं, भाताबरोबर ताटलीत वाढलं आणि बाईपुढं ठेवलं. तो भात कुठला ते मला माहीत होतं. सकाळीच आमच्या घरनं कोंबड्यांसाठी गेलेला. तुडतुडी चुलीशी बसून भिंतीकडं बघत होती. ताटलीकडं बघायचं नाही, हे तिला कुणीतरी शिकवलं असणार.

बाई नको नको म्हणत होती, शेवटी चार घास खाल्ले. खाता खाता तिनं विचारलं आणि ताईनं सांगितलं. नाही, संपलं नाही. नाही, कुणी सोडलं नाही. अंडी? हो, असतात की घरात. कोंबड्या? तेवढं मात्र ताई बोलली नाही, नुसती मान हलवली, आणि बाईनं ती मान कशी घेतली कोण जाणे.

उन्हं कलायला लागली तेव्हा आम्ही परत निघालो. बाईनं पाटी मांडीवर ठेवली, डोळे चोळले.

"तुमचं गाव बरं आहे हो दादा. मनाला बरं वाटलं. पलीकडच्या गावात मी काल होते... जाऊ दे."

"काय जाऊ दे?"

"तिथं बायका रडत होत्या. एका घरात मुलांना नुसतं मिठाचं पाणी दिलेलं. लपवायलासुद्धा काही उरलेलं नाही त्यांच्याकडं."

"मग शेडचं काय? शेड कुणाला?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. "आता माझं काम झालंय, म्हणून सांगते. आधी सांगायची परवानगी नसते, नाहीतर लोक खोटं बोलतात. जिथं भूक जास्त, तिथं शेड."

मी गाडी थांबवली. रस्त्याच्या मधोमध. मागनं सायकलवाला आला, तो शिव्या देत बाजूनं गेला.

लोक खोटं बोलतील म्हणून सांगितलं नाही. आणि लोक खोटं बोललेच की! फक्त त्यांनी धरलं होतं त्याच्या उलट्या बाजूनं बोलले.

मी तिला सगळं सांगितलं. कोंबड्यांचं, कुत्र्याचं, धुराचं, ताटलीतल्या भाताचं. भाताचं ऐकून तिनं तोंडावर हात ठेवला. 

"परत चला," मी म्हटलं. "परत विचारा."

"विचारता येईल," ती म्हणाली. "आजचा दिवस आहे तोवर उत्तर बदलता येतं, संध्याकाळी सगळं आपोआप वर जातं. पण दादा, का विचारतेय ते तुम्ही सांगायचं नाही. शेडचा शब्द काढलात तर मला अख्ख्या गावाचं बाद करावं लागेल. खरं सांगा, एवढंच म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

जीप वळवली. आयुष्यात इतकी जोरात कधी हाणली नसेल. ताईच्या दारात जाऊन उभे राहिलो, तर आमची गाडी परत आलेली बघून चारपाच घरची माणसंही जमली. त्यात गावचे पुढारीही आले. पांढरा सदरा, हात मागं बांधलेले. त्यांना वाटलं बाईचं काही हरवलं.

मी आत गेलो. "ताई," म्हटलं, "या बाई परत तेच विचारणारेत. खरं सांग."

"म्हणजे?" ताईचा आवाज चढला. "मघाशी काय खोटं सांगितलं मी? घोड्या, माझ्या घरची अब्रू काढायला माणसं घेऊन आलास होय रे?"

"खरं सांग एवढंच म्हणतोय."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. लहानपणी मी काही फोडलं की ती असंच बघायची आणि न सांगता तिला कळायचं काय फुटलंय. तिला कळलं. मला शपथेवर सांगता येईल, तिला त्याच क्षणी कळलं. तिनं एकदा तुडतुडीकडं बघितलं. मग दाजींकडं.

दाजी मान खाली घालून बसले होते. आता कळलं मला ती कशाला अडली होती. धान्य संपतं, हे तिनं एकटी असताना सांगितलंही असतं. पण नवऱ्यासमोर, दारात गाव उभं असताना सांगायचं म्हणजे या माणसानं आम्हाला उपाशी ठेवलं असं सांगायचं. आणि तो माणूस तर खाणीतली सगळी धूळ यांच्याच पोटासाठी गिळून बसलेला.

बाईनं हळू आवाजात विचारलं, "मावशी, गेल्या महिन्यात घरातलं धान्य संपलं, असं झालं का?"

ताईनं तोंड उघडलं, मिटलं. "बाई," ती म्हणाली, "माझ्याकडं कोंबड्या नाहीत."

"कोंबड्यांचा प्रश्न पुढं आहे मावशी. मी धान्याचं विचारतेय."

"तेच सांगतेय. नाहीत कोंबड्या."

दारात कुणीतरी फिसकन हसलं. तुडतुडी उठून आईजवळ जाऊन बसली. तेवढ्यात दाजी भिंतीकडं बघत बोलले, "सांग गं. मला काय होतंय? मी बसून खाणारा माणूस. सांग."

मग ताईनं सांगितलं. खाली बघून, भराभरा, जसं काही पाठ केलेलं. संपतं. दर महिन्याला संपतं. मी सोडते, मग हीही सोडायला लागली, मला न सांगता. यांना औषध घ्यायचं म्हणून यांना देतो. काल दिवसभर काही नव्हतं. आज सकाळी भावाकडनं आणलं, ते तुम्ही खाल्लंत.

बाईचं बोट काचेवर फिरत होतं आणि तिचे डोळे भरले होते. दारात आता कुणी हसत नव्हतं.

बाई उठून दारात आली. "अजून कुणाला काही बदलून सांगायचंय का? मी सगळ्यांकडं परत येते."

मी माणसांकडं बघितलं. म्हटलं, "खरं सांगा रे बाबांनो. आत्ता सांगा."

"म्हणजे आम्ही खोटं बोललो का ढोल्या?" शेजारीण म्हणाली. जिचं अंडं होतं, तीच.

"तसं नाही वहिनी..."

"मग कसं? तुझ्या जीपमध्ये बसलो म्हणून आमच्या चुलीत डोकावणार काय तू?"

पुढारी पुढं झाले. "मॅडम, गावात कोणी उपाशी नाही. हे एक घर जरा अडचणीत आहे, आम्हाला कल्पना नव्हती. आम्ही बघतो त्यांच्याकडं. गावाचं नाव खराब नको."

मी बाईकडं बघितलं, तिनं मानेनंच नको म्हटलं. माझ्या तोंडात शब्द असा आला होता, जिभेच्या शेंड्यावर. शेड! एवढाच. बोललो तर सगळं बाद, नाही बोललो तर सगळं पलीकडं. असला अडकित्ता मी कुठं बघितला नाही. मी दात आवळून उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक जण घरी गेला. जाताना कुत्र्यावाली म्हातारी ताईला म्हणाली, "अगं, मला आधी सांगायचं नाहीस का? काहीतरी दिलं असतं." तिच्या घरात काय होतं द्यायला?

तरी बाई पुन्हा सगळीकडं फिरली, उजेड होता तोवर. एकानंही उत्तर बदललं नाही. उलट आता तर जास्तच ठासून. एका घराचं नाव निघालं होतं ना, आता त्याच्या शेजारी आपलं कोण लावून घेईल?

असं झालं. अख्ख्या गावात उपाशी घर एकच, माझ्या बहिणीचं.

निकाल पंधरवड्यात आला. शेड पलीकडं. मी बाईला फोन केला. ती म्हणाली, "दादा, मी वरती लिहून दिलं, परत सर्वे करा म्हणून. पण पलीकडच्यांचंही खोटं नाही हो. त्यांना हवीच होती."  मिठाचं पाणी पिणाऱ्या पोरांशी भांडू? म्हटलं, "मग आमच्या त्या एका घराचं तरी काही करा." तर म्हणाली, "पैसा गावात घालतात, एका घरात नाही घालता येत." हेही बरोबरच. सगळं बरोबरच होतं, तेच तर वाईट. पलीकडं कामाला आमच्या बायका घेतील का, तेही विचारून आलो. तिथं त्यांच्याच बायका रांग लावून उभ्या होत्या.

गावाला कारण कळलं तेव्हा जे व्हायचं ते झालं. आधी संस्थेला शिव्या, मग एकमेकांना, मग मला. पुढारी माझ्या जीपला टेकून म्हणाले, "तू एक शब्द बोलला असतास तर?" बोललो असतो तर काय झालं असतं ते सांगितलं, तरी मान हलवत गेले. आणि ताईला लोक वाईट काही बोलले नाहीत, त्यापेक्षा बोलले असते तर बरं. रोज कुणीतरी झाकलेली ताटली घेऊन येऊ लागलं. "आज जास्त झालं होतं." ताई घ्यायची. आता नाही म्हणायची सोय नव्हती ना. आणि तुडतुडीचं वाटी घेऊन येणं बंद झालं. आमची मंडळी दोनदा स्वतःच तांदूळ घेऊन गेली, तर ताईनं दारातनंच परत पाठवलं. म्हणाली, "आता कशासाठी म्हणून घेऊ?"

शहरातल्या बाईला ताईनं होकार कळवला, माझ्याच हाती.

पोरीला मीच सोडून आलो. दुसऱ्या कुणाच्या गाडीनं जाऊ देईन का? सकाळची फेरी, पण मी बाकीच्या माणसांना सांगितलं, आज पुढची सीट भरलीय. पिशवी मांडीवर घेऊन बसली. दाजींनी निघताना तिला म्हटलं, "मालकिणीला बोलायला जागा ठेव. सगळं तूच बोलू नको." आणि मग खोकत आत गेले. ताई बाहेर आली नाही.

वाटभर तुडतुडी बोलत होती. त्या घरी टीव्ही किती मोठा असेल, म्हातारी चावरी असेल का, जिना असेल का. ओढा ओलांडला तशी पलीकडच्या गावाची शेड दिसली. भिंती उभ्या राहिल्या होत्या, वर पत्रा चढवत होते.

"मामा, हळू घे ना," ती म्हणाली. मी घेतली. ती मान बाहेर काढून बघत राहिली, शेड मागं पडली तरी मागं वळून बघत होती. त्यानंतर स्टँड येईपर्यंत ती काही बोलली नाही, आणि तुडतुडी गप्प बसली की जीपचा किती आवाज होतो हे मला पहिल्यांदा कळलं.

घर बरं होतं. मालकीण वाईट नव्हती. पोरीचे हात उलटेपालटे करून बघितले, तेवढं मला खटकलं. मी म्हटलं, "वर्षातनं एकदोनदा पाठवा घरी." ती म्हणाली, "बघू, सासूबाईंची तब्येत कशी राहते त्यावर." पोरगी आत गेली. मी फाटकाशी थोडा थांबलो. मग मागच्या गाडीनं हॉर्न मारायला सुरुवात केली म्हणून जीप काढावी लागली.

गावात आलो तर ताई रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेली. सगळी माणसं उतरून जाईपर्यंत थांबली. मग जवळ आली.

"रडली का?"

"नाही."

"बोलली काही?"

"बोलली की. शेड बघितली तिनं. मला म्हणाली, हळू घे."

ताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कशी आहे रे शेड?"

"मोठी आहे. खिडक्या लांबच लांब ठेवल्यात, वारं खेळायला. पंखे बसवणार म्हणे."

"पंखे?"

"भाजी वाळायला."

"मग आत फार उकडायचं नाही." तिनं पदराचं टोक सोडलं, परत गुंडाळलं. "आणि बायका काम करणार ते उभ्यानं का बसून?"

"बसून. लांब बाकडी करणारेत. समोरासमोर बसायचं आणि चिरायचं."

"बसून," ताई म्हणाली. "मग तर मलाही जमलं असतं. दोघी गेलो असतो."

मी जीपची चावी काढून हातात घेतली, परत लावली.  ती तशीच उभी होती, ओढ्याच्या बाजूला तोंड करून. तिथनं काही दिसत नाही, मधे टेकाड आहे.